तेवीस रकाने, सात टॅब आणि एक पीडीएफ

पत्राचा सारांश : पत्र लिहिणाऱ्या ताई ४४ वर्षांच्या आहेत. नोकरी सांभाळून पदव्युत्तर अभ्यास करताहेत. वाचायचं बहुतेक साहित्य ए४ आकाराच्या पीडीएफमध्ये येतं, त्यातलं निम्मं जुन्या पुस्तकांचं स्कॅन. फोनवर वाचून डोळे दुखतात, छापून घ्यावं तर कागदांचा ढीग होतो. रात्री जेवणं आटोपल्यावर दीड तास, प्रवासात अर्धा तास असं वाचन चालतं. कागदावर वाचताना समासात टिपणं लिहायची सवय आहे. रविवारी घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर निबंध टाइप करतात. टॅब घ्यायचा म्हणून त्यांनी सात मॉडेलांचा २३ रकान्यांचा तक्ता केला, प्रत्येक रकान्यात गुण दिले आणि बेरीज केली. पहिला आला १०,००० एमएएच बॅटरी, आठ कोअर आणि १३ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा टॅब. तरी मन धजावत नाही. दीर म्हणतात, सर्वांत महाग घ्या, सात-आठ वर्षं बघायला नको. सहकारी मैत्रीण म्हणते, टॅब कशाला, लॅपटॉप घे. आठवीतल्या मुलीला चित्रं काढायला पेनवाला हवा. ताई विचारतात : या २३ गोष्टींपैकी महत्त्वाच्या कोणत्या?

ताई,

तक्ता मन लावून केला आहे, आणि मन धजावत नाही हेही बरोबरच आहे. गोची बेरजेत आहे. मागच्या कॅमेऱ्याला जेवढे गुण, तेवढेच स्क्रीनला; स्पीकर चार असल्याचा जेवढा फायदा, तेवढाच पेन चालण्याचा. शिवाय काही रकाने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मोजतात. कोअर किती, गिगाहर्ट्झ किती आणि वेगचाचणीचा आकडा किती, हे तीन रकाने मिळून एकच प्रश्न विचारतात : प्रोसेसर पुरेसा वेगवान आहे का? त्यात जिंकलेल्या टॅबला तिप्पट गुण मिळाले. तुमच्या पहिल्या क्रमांकाची स्क्रीन १० इंच आणि १२८०×८०० पिक्सेलची आहे, आणि त्यावर फक्त रबरी टोकाचं साधं पेन चालतं. म्हणजे रोजच्या दोन तासांच्या कामात तो सर्वांत मागे आहे. तुम्हाला ते आतून जाणवत होतं, बेरजेला जाणवलं नाही.

दुसरं असं, की तक्त्यात टॅबचे २३ रकाने आहेत, तुमच्या दिवसाचा एकही नाही. पत्रातून तुमचं काम नेमकं दिसतं : ए४ पान वाचणं, समासात लिहिणं, हातात धरून प्रवास करणं. टाइप करणं कॉम्प्युटरवर होतंच आहे. या चार वाक्यांवर टॅब निवडता येतो.

आता रकान्यांचे दोन ढीग करा. एका ढिगात जे नंतर बदलता किंवा जोडता येतं ते : कव्हर, कीबोर्ड, इअरफोन, मेमरी कार्ड, चार्जर, फोनवरून घ्यायचं इंटरनेट. दुसऱ्यात जे विकत घेतलं त्या दिवशीच ठरून जातं ते : स्क्रीनचा आकार आणि घडण (म्हणजे लांबी-रुंदीचं प्रमाण), स्क्रीनखाली पेन ओळखणारा थर आहे की नाही, रॅम, आणि सॉफ्टवेअर अपडेट कुठवर मिळणार. पैसे दुसऱ्या ढिगावर घालायचे. पहिल्या ढिगातलं जे कमी पडेल ते सहा महिन्यांनी आणता येतं.

स्क्रीनबद्दल सविस्तर लिहितो, कारण तुमच्यासाठी निम्मा निर्णय इथेच आहे. जाहिरातीत इंच म्हणजे कर्णाची लांबी. तिच्यावरून रुंदी कळत नाही. तुमच्या तक्त्यातले दोन टॅब ११ इंचांचे आहेत, पण एक १६:१० घडणीचा आहे, दुसरा ४:३ घडणीचा. उभा धरला तर पहिला साधारण २३.७ × १४.८ सेंटिमीटर, दुसरा २२.४ × १६.८. ए४ पान २९.७ × २१ असतं. अख्खं पान मावायचं तर पहिल्यावर ते ७० टक्क्यांवर येतं, दुसऱ्यावर ७५ टक्क्यांवर. म्हणजे छापील १२ पॉइंटचं अक्षर एकीकडे ८.४ पॉइंटचं दिसेल, दुसरीकडे ९ चं. तळटीपा ९ पॉइंटच्या असतील तर त्या ६.३ आणि ६.७ वर जातील. रात्री थकलेल्या डोळ्यांना हा फरक कळतो. सात-आठ इंचांचे टॅब ए४ साठी विसरून जा. तिथे पान निम्म्यावर येतं आणि प्रत्येक ओळीसाठी बोटांनी मोठं करून इकडेतिकडे सरकवत बसावं लागतं. १३ इंची ४:३ वर पान जवळपास ८९ टक्के दिसतं, वाचनाचं खरं सुख तिथे आहे. पण कव्हरसकट वजन किलोच्या घरात जातं आणि प्रवासात एका हातात अर्धा तास तो पेलत नाही.

यात एक मेख आहे. बहुतेक चांगल्या पीडीएफ ॲपमध्ये पानाच्या कोऱ्या कडा कापून दाखवायची सोय असते. अडीच सेंटिमीटरचे समास कापले तर मजकुराचा ठोकळा १६ × २४.७ उरतो. तो उंचट असल्यामुळे १६:१० वर ९२ टक्के दिसतो आणि ४:३ वर ९० टक्के. दोघे बरोबरीत आले. ज्यांना फक्त वाचायचं आहे त्यांनी म्हणूनच घडणीची चिंता करू नये, कडा कापाव्यात आणि स्वस्त पडेल तो घ्यावा. तुम्हाला मात्र समासातच लिहायचं आहे. कडा कापल्या तर लिहायची जागाच जाते. म्हणून तुमच्या कामाला ४:३ सरस.

मग पिक्सेल. इथे एकूण आकडा न बघता इंचाला किती ते बघायचं. १० इंचावर १२८०×८०० म्हणजे इंचाला साधारण १५०. ११ इंचावर १९२०×१२०० म्हणजे २०६. २५६०×१६०० म्हणजे २७४. देवनागरी बारीक झाली की आधी रफार, अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घ उकार एकमेकांत मिसळतात, त्यामुळे आपल्याला २०० ची खालची मर्यादा धरणं बरं. २६० च्या पुढे वाचनात फारसा फरक पडत नाही. आणि जुनं पुस्तकच फिकट स्कॅन केलं असेल तर कोणतीही स्क्रीन ते सुधारणार नाही, हेही मनाशी धरून ठेवा.

पेनच्या बाबतीत तक्त्यात तुम्ही फक्त ‘आहे’ आणि ‘नाही’ लिहिलंय. इथेच सर्वाधिक फसगत होते. रबरी किंवा चकतीच्या टोकाचं पेन कोणत्याही टॅबवर चालतं, कारण स्क्रीन त्याला बोटच समजते. त्यामुळे तळहात टेकला की तोही लिहू लागतो, रेघ जाड येते, समासात बारीक अक्षर काढता येत नाही. तुम्हाला हवं ते सक्रिय पेन, जे टॅब वेगळं ओळखतो, ज्याचं टोक स्क्रीनजवळ आलं की तळहाताचा स्पर्श बाजूला टाकला जातो. त्यातही जाती आहेत. सॅमसंगच्या एस पेनसारख्या पेनांना लिहिण्यासाठी चार्ज करावं लागत नाही. ॲपलची पेनं चार्ज करावी लागतात. ॲपलचं यूएसबी-सी पेन दाब ओळखत नाही. टिपणांना त्याने काही अडत नाही, पण मुलीला चित्रात रेघ जाड-बारीक करायची असेल तर अडतं. कोणतं पेन कोणत्या टॅबवर चालतं याची यादी कंपनीच्या पानावर असते. एकाच कंपनीची दोन पेनंही एकमेकांच्या जागी चालतीलच असं नाही, त्यामुळे टॅबचा अचूक मॉडेल क्रमांक घेऊनच पेन घ्या. आणि पेन खोक्यात येतं की वेगळं घ्यावं लागतं हे किमतीच्या रकान्यात मिळवा. तुमच्या तक्त्यात ते राहून गेलंय. दाबाच्या ४,०९६ पातळ्या वगैरे आकड्यांना गुण देऊ नका, हाताला तो फरक कळत नाही.

काच आणि स्क्रीन यांत फट आहे का, हे मात्र हाताला आणि डोळ्याला दोन्हींना कळतं. ज्या टॅबमध्ये दोन्ही चिकटवलेले नसतात, त्यात शाई पेनच्या टोकापासून किंचित खाली उमटल्यासारखी दिसते आणि टेकवताना पोकळ आवाज येतो. ॲपलच्या सर्वांत स्वस्त आयपॅडमध्येही अशी फट असते. सवय होते, पण समासाच्या अरुंद पट्टीत लिहिणाऱ्याला सुरुवातीला त्रास होतो. काही जण कागदासारख्या खरखरीत फिल्मा लावतात. लिहायला छान वाटतं, मात्र अक्षरांची धार थोडी जाते आणि पेनची टोकं लवकर झिजतात. तुमचं वाचन लिहिण्यापेक्षा जास्त आहे, तेव्हा ती आत्ता लावू नका.

रॅमचं थोडक्यात. स्कॅन केलेल्या पुस्तकाचं प्रत्येक पान म्हणजे एक चित्र. अर्ध्या स्क्रीनवर पुस्तक, अर्ध्यावर टिपणवही आणि मागे ब्राउझर उघडा असेल तर ४ जीबी रॅमचा अँड्रॉइड टॅब मागची ॲप बंद करतो. परत गेलात की पुस्तक पहिल्यापासून लोड होतं. ६ जीबी चालेल, ८ असेल तर उत्तम. ‘८ अधिक ८’ असं लिहिलेलं असतं त्यातले दुसरे ८ म्हणजे स्टोरेजचाच तुकडा रॅम म्हणून वापरणं. तो खऱ्या रॅमपेक्षा कितीतरी संथ असतो, गुण देताना तो शून्य धरा. आयपॅडची रॅम अँड्रॉइडच्या शेजारी ठेवून मोजू नका, दोन्ही प्रणाली मेमरी वेगळ्या पद्धतीने वापरतात.

स्टोरेजसाठी एवढा साधा हिशेब करा : तीनशे पानांचं स्कॅन साधारण १०० एमबी धरलं तर ५०० पुस्तकांना ५० जीबी लागतात. १२८ जीबी तुम्हाला भरपूर. ६४ मध्ये प्रणालीच बरीच जागा घेते आणि पुढच्या अपडेटसाठी जागा करताना फाइली पुसत बसावं लागतं. कार्डाची खाच असेल तर पुस्तकं कार्डावर ठेवा, ॲप मात्र आतच लागतात. आयपॅडला खाच नसते.

आता दिरांच्या सल्ल्याकडे येऊ. महाग टॅब जास्त टिकतो हे अर्धवट खरं आहे. टॅब मोडण्याआधी बहुधा त्याचे अपडेट थांबतात, आणि मग एकेका ॲपची नवी आवृत्ती त्यावर चालेनाशी होते. काही कंपन्या वरच्या श्रेणीतल्या टॅबना ७ वर्षांपर्यंत अपडेट कबूल करतात, काही स्वस्त टॅबना एखाद-दोन वर्षंच मिळतात. ही मुदत टॅब बाजारात आला त्या तारखेपासून मोजली जाते, तुम्ही घेतला त्या दिवसापासून नाही. म्हणून तक्त्यात ‘अपडेटची वर्षं’ लिहू नका. मॉडेल केव्हा आलं ते बघा, मुदत मिळवा, आजची तारीख वजा करा आणि ‘उरलेली वर्षं’ लिहा. तुमच्या तक्त्यातला सहाव्या क्रमांकाचा टॅब सवलतीत आहे, पण तो तीन वर्षांपूर्वी आलेला आणि मुदत चार वर्षांची. म्हणजे उरलं एकच वर्ष. सवलत कशाची होती ते लक्षात येईल. चार वर्षं उरत असतील तर तुमचा अभ्यासक्रम संपून वर मुलीचं शिक्षण पुढे सरकलेलं असेल. सात-आठ वर्षांची तरतूद आज करण्यात अर्थ नाही. त्यात बॅटरीही आहेच : साधारण ५०० ते १,००० पूर्ण चार्जनंतर तिची क्षमता ८० टक्क्यांच्या आसपास येते. तुमच्या वापराला दोन-तीन दिवसांनी एक पूर्ण चार्ज, म्हणजे वर्षाला दीडशे. बॅटरी चार-पाच वर्षं आरामात साथ देईल.

आणि तो १०,००० चा आकडा? १०,००० एमएएच म्हणजे साधारण ३८ वॉट-तास. सोबत १० वॉटचा चार्जर असेल तर पूर्ण भरायला साडेचार-पाच तास लागतात. तुमचा रोजचा वापर दोन तासांचा आहे. यादीतला सर्वांत छोट्या बॅटरीचा टॅबही तीन दिवस चालेल. हा रकाना पुसून टाका. मागचा कॅमेरा, जाडी, स्पीकरची संख्या, कोअर आणि गिगाहर्ट्झ हेही पुसा. १२० हर्ट्झ पेनवाल्यांना थोडा उपयोगी पडतो : ६० हर्ट्झला स्क्रीन दर १६.७ मिलिसेकंदांनी बदलते, १२० ला ८.३ नी, त्यामुळे शाई पेनच्या मागोमाग येते. बरोबरीची वेळ आली तर त्यावर निकाल द्या, आधी नको. सिमकार्डवाल्या टॅबचीही गरज नाही, प्रवासात फोनचा हॉटस्पॉट पुरतो आणि पीडीएफ घरूनच उतरवून घेता येतात.

इतर वाचकांसाठी इथे एक आडवळण. ज्यांना टॅब मुख्यतः चित्रपट पाहायला हवा, त्यांनी वरचं गणित उलटं करावं : १६:१० घडणीत काळ्या पट्ट्या कमी दिसतात. आणि वाइडवाइन एल१ प्रमाणपत्र (चित्रपट-सेवांचं स्पष्ट चित्र टॅबवर दाखवायची परवानगी) आहे का हे जरूर बघावं. ते नसेल तर चांगल्या स्क्रीनवरही काही सेवा धूसर चित्रच देतात. ज्यांना सतत व्हिडिओ कॉल करायचे, त्यांनी पुढचा कॅमेरा लांब कडेवर आहे का बघावं. तो आखूड कडेवर असला की आडव्या टॅबवर नजर कायम बाजूला दिसते.

मैत्रिणीचा लॅपटॉपचा आग्रह तुमच्या घरी कॉम्प्युटर नसता तर मी उचलून धरला असता. तळटीपा, संदर्भसूची, पानांची मांडणी हे टॅबवर कंटाळवाणं होतं. पण ती सोय तुमच्याकडे आहे, आणि झोपाळ्यावर बसून समासात लिहिणं लॅपटॉपवर जमत नाही. कीबोर्ड आत्ता घेऊ नका. जुना कॉम्प्युटर थकला की मग तो प्रश्न पुन्हा काढा.

मुलीबद्दल तांत्रिक उत्तर सोपं आहे : पुष्कळ अँड्रॉइड टॅबवर दुसऱ्या व्यक्तीचं वेगळं खातं उघडता येतं, घरगुती आयपॅडवर येत नाही. तिथे तुमची टिपणं आणि तिची चित्रं एकाच ठिकाणी राहतील. पण रात्रीच्या त्या दीड तासात टॅब कोणाच्या हातात असेल, हे घेण्याआधी दोघींनी ठरवा. घेतल्यानंतर ते ठरत नाही. तुमचा अभ्यास या घरात टॅब येण्याचं कारण आहे, हे तिला मोकळेपणाने सांगायला काहीच हरकत नाही.

उरलेल्या चाळणीतून तुमच्या सातातले दोन टॅब बाहेर येतात : ११ इंची ४:३, पेन वेगळं घ्यायचा, पाच वर्षं उरलेला, आणि ११ इंची १६:१०, ८ जीबी रॅमचा, खोक्यातच पेन असलेला, चार वर्षं उरलेला. समासातलं लिहिणं हीच तुमची मुख्य सवय असेल तर पहिला. मात्र त्यावर मुलीसाठी दाब ओळखणारं पेन चालतं का ते यादीत पाहा. चालत नसेल, आणि पेन मिळवून किंमत दुसऱ्याच्या बरीच वर जात असेल, तर मी दुसरा घेईन आणि टिपणं शेजारच्या अर्ध्या स्क्रीनवर वहीत लिहीन.

पण शेवटचा शब्द तुमच्या हाताचा आणि डोळ्यांचा. दुकानात जाताना तुमच्याकडची सर्वांत वाईट स्कॅन केलेली पीडीएफ पेन ड्राइव्हवर किंवा ईमेलमध्ये घेऊन जा. दुकानातले नमुन्याचे फोटो प्रत्येक टॅबवर सुंदरच दिसतात. ती फाइल उघडा, अख्खं पान मावेल असं ठेवा आणि तळटीप वाचा. झरझर पन्नास पानं पुढे जा. पानं पांढरी येऊन मग उमटतात का बघा. तळहात टेकवून समासात ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘र्‍हास’ नेहमीच्या आकारात लिहा. मग पट्टीच्या कडेने एक तिरकी रेघ अगदी सावकाश ओढा. ती लाटेसारखी आली तर पेनची ओळख कच्ची आहे. टॅब एका हातात दहा मिनिटं धरून उभ्या राहा.

घरी आणल्यावर, परत करण्याची मुदत आहे तोवरच आणखी एक तपासून घ्या. कोणत्याही पीडीएफवर दोन-चार टिपणं लिहा, फाइल पीडीएफ म्हणूनच बाहेर काढा आणि घरच्या कॉम्प्युटरवर उघडा. काही ॲप टिपणं स्वतःच्याच साच्यात ठेवतात आणि दुसरीकडे कोरी प्रत उघडते. तसं झालं तर ॲप पहिल्याच आठवड्यात बदला, टॅब बदलायची गरज नाही. स्कॅनमधल्या ओळीवर रंग फासला जात नसेल तर तोही बिघाड नाही : त्या पानावर अक्षरं नसून अक्षरांचं चित्र आहे. पेनने हाती रेघ मारा, किंवा अक्षर-ओळख करणाऱ्या प्रोग्रॅममधून फाइल एकदा काढून घ्या. देवनागरीसाठी त्यात मराठी भाषा निवडायला विसरू नका, नाहीतर शोधताना शब्द नीट सापडणार नाहीत.